बंपरवरचा चरा : कोणतं काम घ्यायचं, कोणतं सोडायचं आणि दर कसा काढायचा

व्हिडिओत हात कसा चालतो ते दाखवता येतं. पण काम घ्यायच्या आधी डोकं कसं चालवायचं आणि पैसे किती सांगायचे, हे निवांत वाचायलाच बरं पडतं. म्हणून आज बंपरवरच्या किरकोळ रंगकामाचा धंदा जरा खोलात जाऊन बघू.

बंपरच का? कारण गाडीचा पहिला मार तोच खातो. सोसायटीच्या पार्किंगमधला खांब, मागून टेकलेली दुचाकी, मॉलच्या रॅम्पची कड, गल्लीतली रिक्षा. गाडी व्यवस्थित चालते, पण मालकाच्या डोळ्यात तो चरा रोज खुपतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलं की गाडी दोन-तीन दिवस अडकते, आणि बऱ्याचदा "पूर्ण बंपर रंगवावा लागेल" हे उत्तर चरा नीट न बघताच मिळतं. ग्राहकाच्या मनात एकच भीती असते, आपल्याला फसवतील. ती भीती पहिल्या पाच मिनिटांत घालवणारा माणूस काम मिळवतो. आणि त्या पाच मिनिटांत काय बघायचं हे ज्याला कळतं, तोच या धंद्यात पैसे टिकवतो. रंग मारणं हा पुढचा भाग झाला.

आधी चरा वाचायला शिका

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. खाली प्लास्टिक, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक त्या क्लिअरची असते. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चरा यातल्या कोणत्या थरापर्यंत गेलाय, यावर सगळं काम ठरतं.

सगळ्यात आधी जागा धुवा. न धुता हात लावायचा नाही, धुळीचा एक कण नवीन चरा पाडतो. धुतल्यावर निम्म्या वेळा कळतं की जो "चरा" दिसत होता तो समोरच्याचा रंग आहे. खांबाचा पिवळा-काळा पट्टा किंवा भिंतीचा पांढरा रंग गाडीवर उतरलेला असतो. वॅक्स रिमूव्हर, थोडं कंपाउंड, मऊ कापड, आणि वीस मिनिटांत गाडी स्वच्छ. ग्राहक चकित होतो. इथे मोह होतो की मोठं काम सांगावं, त्याला काय कळतंय! नका करू. असा ग्राहक पुढे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची जेवढी जाहिरात करेल, तेवढी पैसे देऊन होणार नाही.

रंग निघाल्यावरही रेघ राहिली, तर त्यावर पाणी टाका. ओलं असताना रेघ दिसेनाशी झाली तर ती क्लिअरमध्येच आहे, पॉलिशने जायची शक्यता चांगली. मग रेघेवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिश. नख अडकलं आणि आत रंगच दिसतोय, तर पॉलिशने रेघ पुसट होईल, पूर्ण जाणार नाही. खाली राखाडी किंवा पांढरं दिसतंय तर ते प्रायमर. काळं, जरा खरबरीत, तुसासारखं काही दिसतंय तर ते उघडं प्लास्टिक, आणि तिथून पुढचं काम वेगळंच आहे.

बंपरला तडा गेलाय का, क्लिपा तुटल्यात का, बंपर आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हेही बघा. फट वाकडी असेल तर आत काहीतरी हललंय. ते काम डेंटरचं. रंगाने झाकायचं नाही.

तीन कामं, तीन वेगळे धंदे

पहिलं काम पॉलिशचं. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, मग तीन हजार, भरपूर पाणी, मग मशीनवर कंपाउंड आणि शेवटी फिनिशिंग पॉलिश. ऐकायला सोपं. पण बंपर प्लास्टिकचा असतो हे विसरू नका. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिक तिथल्या तिथे धरून ठेवतं. बोनेटवर ज्या सवयीने मशीन फिरवता तसं बंपरच्या कडेवर एका जागी धरलंत, तर काही सेकंदांत क्लिअर उडून खालचा रंग दिसायला लागतो. सातशे रुपयांचं काम तिथेच साडेचार हजारांचं होतं, तेही तुमच्या खिशातून. कडांना आणि उंचवट्याच्या रेषांना आधी मास्किंग टेप लावा, शेवटी टेप काढून तिथे फक्त हाताने पुसून घ्या. आणि ग्राहकाला सांगा की क्लिअर घासला की तो पातळ होतो, एकाच जागी दरवर्षी हे करता येणार नाही.

दुसरं काम टच-अपचं. दगडाचे टोचे, नखाएवढी रंग उडालेली जागा. गाडीच्या रंगाचा कोड बहुतेक वेळा बोनेटखाली किंवा दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. त्या कोडवरून रंगाच्या दुकानात छोटी बाटली बनवून मिळते. जाड ब्रशने लेप देऊ नका. बारीक ब्रशच्या किंवा टूथपिकच्या टोकाने थेंब टेकवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा टेकवायचा. शेवटी क्लिअरचा थेंब. ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, "चार फुटांवरून दिसणार नाही, जवळ जाऊन शोधलंत तर दिसेल." हे वाक्य काम सुरू होण्याआधी बोललं तर तो प्रामाणिकपणा असतो. नंतर बोललं तर तीच सबब वाटते.

तिसरं काम पूर्ण बंपर रंगवण्याचं, आणि खरी गंमत आणि खरा धोका इथे आहे.

उघडं प्लास्टिक दिसलं की सावध

आजच्या बहुतेक बंपरचं प्लास्टिक म्हणजे पॉलीप्रॉपिलिन आणि त्यात मिसळलेलं रबर. बंपर सोडवला तर आतल्या बाजूला 'पीपी' आणि 'ईपीडीएम' अशी अक्षरं उठवलेली सापडतात. या प्लास्टिकला काही चिकटायलाच मागत नाही. म्हणून उघड्या जागेवर प्रायमरच्या आधी ॲडहिजन प्रमोटर नावाचं पारदर्शक रसायन मारावं लागतं. एकच हलका हात, आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत पुढचा थर.

नवशिका पेंटर हीच पायरी गाळतो, कारण ती गाळली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काम झकास दिसतं. ग्राहक पैसे देतो, फोटो टाकतो. दोन-तीन महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला जाते, प्रेशर वॉशरचा फवारा बंपरवर बसतो, आणि रंगाचं तळहाताएवढं सालपट उडून जातं. चार लोकांसमोर. आता विचार करा, तो ग्राहक कोणाचं नाव घेईल?

असाच दुसरा घोळ लांबीचा. खोल चरा भरायला पत्र्यावर वापरतात तीच लांबी बंपरवर भरली तर ती सुकून कडक होते, आणि बंपर तर वाकतो. कोणी पार्किंग करताना जरा टेकलं की तडे जातात. प्लास्टिक बंपरसाठी लवचिक पुट्टी वेगळी मिळते, तीच घ्या. महाग आहे, पण लागते थोडीशीच.

कामाचा क्रम असा ठेवा. धुणं, मग वॅक्स आणि सिलिकॉन काढणं. डॅशबोर्ड-टायर चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन बंपरवर उडालेलं असतं, ते राहिलं तर नवीन रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. घासण्याच्या आधीच पुसून घ्या, नाहीतर पेपरने तेच आत रगडलं जातं. मग चरा पडलेल्या जागेच्या कडा घासून उतरत्या करायच्या, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. उघड्या प्लास्टिकवर हलक्या हाताने घासा, जोर दिला की प्लास्टिक तापून तूस निघतात. प्रमोटर, गरज असेल तर पुट्टी, प्रायमर सरफेसर, तो घासून गुळगुळीत. बाकी सगळा बंपर आठशे ते हजार नंबरने मॅट करून घ्यायचा. बेस कोटचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ओली चमक जाईपर्यंत थांबायचं. शेवटी क्लिअरचे दोन हात.

इथे एक नियम पाठ करा. रंग हवा तर चऱ्याभोवती विरवत न्या, पण क्लिअर मात्र पूर्ण बंपरवर, कडेपासून कडेपर्यंत मारा. क्लिअर मध्येच कुठेतरी संपवून तिथे थिनर मारून जोड पुसला, तर आज दिसत नाही. उन्हात काही महिने गेले की तिथेच पांढरट रेघ उठते आणि पापुद्रा तिथूनच सुटायला लागतो. "एवढ्याशा चऱ्याला अख्ख्या बंपरवर क्लिअर कशाला?" असं ग्राहक विचारणारच. हेच कारण त्याला द्या, पटतं लोकांना.

रंग जुळणं

कोड बरोबर असला तरी रंग जुळेलच असं नाही. आठ वर्षं उन्हात उभी असलेली पांढरी गाडी आता कंपनीच्या कोडमधली पांढरी राहिलेली नसते. म्हणून रंग थेट गाडीवर मारायचा नाही. आधी एका कार्डावर मारा, त्यावर क्लिअर मारा, सुकू द्या, मग बंपरजवळ धरून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघा. मेटॅलिक रंग तर हातावरही बदलतो. ओला, जाड हात बसला की गडद दिसतो, कोरडा बसला की फिकट. पर्ल व्हाइटचा तीन थरांचा प्रकार असेल तर मधल्या थराचा एक हात कमी-जास्त झाला तरी फरक दिसतो. पहिलं वर्ष तीन थरांचं पर्ल काम घेऊच नका. साधा पांढरा, मग सिल्व्हर आणि ग्रे, या क्रमाने हात बसवा.

आणि एक युक्ती. कारखान्यातच बंपर बॉडीपासून वेगळा रंगवलेला असतो आणि मुळात प्लास्टिकचा असतो, त्यामुळे नव्या गाडीतही बंपर आणि फेंडरच्या रंगात किंचित फरक असू शकतो. मालकाने तो कधी बघितलेला नसतो. तुम्ही काम केल्यावर मात्र तो वाकून वाकून बघतो! म्हणून कामाआधी त्याला शेजारी उभं करून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. असलेला फरक तेव्हाच दाखवा.

हवेचं गणितही बघा. जुलैमध्ये मुंबई-कोकणात हवेत इतका ओलावा असतो की जलद उडणारा थिनर वापरला तर रंगावर पांढरट धुकं येतं. कंप्रेसरच्या नळीतून पाणी येतं ते वेगळंच, तिथे वॉटर सेपरेटर हवाच. उलट मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला रंग बंपरवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत येतो. दोन्ही ठिकाणी सावकाश उडणारा थिनर बरा पडतो. पण किती आणि कोणता, हे त्या कंपनीच्या टेक्निकल शीटवर बघा. नेरोलॅक, निप्पॉन, पीपीजी एशियन पेंट्स यांचे रिफिनिशचे रंग आपल्याकडे मिळतात. एकाच कंपनीचा बेस, क्लिअर आणि हार्डनर घ्या. याचा डबा आणि त्याचा हार्डनर असा संसार मांडू नका.

जीव धोक्यात घालून धंदा नको

टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात जात राहिला तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने ॲलर्जी धरली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. रुमाल बांधून किंवा करोनाच्या वेळचा कापडी मास्क लावून स्प्रे करणारे लोक आपण रोज बघतो, म्हणून ते ठीक आहे असं होत नाही. पेंट बूथ, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सूट. एवढं नसेल तर क्लिअर मारायचा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर कधीच नाही. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं, आणि शेजारच्या काळ्या गाडीवर तुमचा पांढरा फवारा बसला तर ते बिल वेगळं!

म्हणून माझा सल्ला, सुरुवातीला पॉलिश आणि टच-अप ही दोन कामं बॅगेवर करा, दुचाकीवरून घरपोच. पूर्ण बंपरचं काम आलं की ज्या गॅरेजकडे बूथ आहे त्याच्याशी कामागणिक भाडं ठरवा. गॅरेजवाल्याचा बूथ रिकामा पडलेला असतोच. तुमची गुंतवणूक वाचते आणि त्याच्या जुन्या पेंटरचा हात बघायला मिळतो, ते शिक्षण फुकट. पद्धतशीर शिकायचं तर आयटीआयला ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, जवळच्या संस्थेत आहे का विचारा.

आता दर

"बाजूचा किती घेतो?" यावरून दर ठरवू नका. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

समजा घर चालवायला महिन्याला २६,००० लागतात आणि धंद्याचा ठरलेला खर्च, म्हणजे मशीनचा हप्ता, पेट्रोल, फोन, असा १४,०००. झाले ४०,०००. महिन्यात २५ दिवस काम, पण दिवसाचे पैसे मिळणारे तास चारच धरा. बाकी वेळ फोन, प्रवास, रंग आणणं, ग्राहकाची वाट बघणं यात जातो. म्हणजे १०० तास, आणि तासाला ४०० रुपये. पॉलिशच्या कामाला जाण्यायेण्यासकट दीड तास, म्हणजे ६०० आणि सामान १००. सातशेच्या खाली परवडत नाही.

पूर्ण बंपर, काढणं-बसवणं धरून सहा तास हाताचं काम, २,४०० रुपये. सामान समजा १,३०० आणि बूथचं भाडं ८००. बेरीज ४,५००. यात अजून एक गोष्ट राहिली, पुन्हा करावं लागणारं काम. दहातलं एक काम परत येईल असं धरून दहा टक्के वाढवा, ४,९५०. हे दहा टक्के न धरणारे लोक वर्षभर राबतात आणि शेवटी म्हणतात, "काम भरपूर होतं, पण हातात काही राहिलं नाही."

ग्राहक म्हणेल, "मग मी इन्शुरन्समध्येच करून घेतो ना!" चिडू नका, त्याच्यासोबत बसून हिशोब करा. क्लेम न घेतलेल्या वर्षांसाठी मिळणारा नो क्लेम बोनस ओन डॅमेज प्रीमियमवर २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. समजा त्याचा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० आहे आणि सध्या तो ३५ टक्क्यांवर आहे. क्लेम नाही घेतला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ५,५०० भरायचे. क्लेम घेतला तर बोनस शून्य, पूर्ण १०,०००. फरक ४,५०० चा. शिवाय क्लेममधून सक्तीची वजावट जाते, १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००. झिरो डेप्रिसिएशन नसेल तर प्लास्टिकचा भाग बदलताना त्याच्या किमतीत ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे ४,९५० च्या बिलात हातात फार तर ३,९५० येणार आणि पुढच्या वर्षी ४,५०० जास्त जाणार. हे कागदावर मांडलं की ग्राहक स्वतःच म्हणतो, "राहू दे."

पण त्याच्या पॉलिसीत बोनस वाचवणारं ॲड-ऑन असू शकतं, ते आधी विचारा. आणि बंपर फाटलाय, दिवा फुटलाय, अशा मोठ्या नुकसानीत क्लेमच त्याच्या फायद्याचा असेल तर तसं सांगा. ते काम गेलं तरी चालेल.

ज्या कामाला नाही म्हणायचं

तडा गेलेला बंपर, वाकडी फट, तीन थरांचं पर्ल ही तर झालीच. बंपरमागे रडार असलेल्या नव्या गाड्याही सोडा, तिथे पुट्टीचा किंवा रंगाचा जादा थर बसला तर सेन्सरचं वाचन बिघडू शकतं, ते काम अधिकृत वर्कशॉपचं. पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्यांवरही जाड रंग चढवायचा नाही. आधी कोणीतरी स्वस्तात रंगवलेला आणि आता सोलवटत असलेला बंपर आला तर सगळा जुना रंग काढण्याचे पैसे धरूनच दर सांगा. ग्राहकाला परवडत नसेल तर नमस्कार करून मोकळे व्हा. दुसऱ्याच्या कच्च्या थरावर मारलेला तुमचा पक्का थर त्याच्यासोबतच निघतो.

जुन्या गाड्यांचे डीलर भरपूर काम देतात, हे खरं. पण त्यांना उद्याच गाडी हवी असते आणि पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे असतात. भांडवल जमेपर्यंत उधारीवर डीलरचं काम धरू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बॅगेवरच्या धंद्याला ५०,००० पर्यंतचं मुद्रा शिशु कर्ज पुरू शकतं.

हात बसवायला स्वतःची किंवा मेहुण्याची गाडी घेऊ नका! भंगारवाल्याकडून चार-पाच जुने रंगीत बंपर आणा. त्यांच्यावर मुद्दाम चरे पाडा, घासा, प्रमोटर लावून एक भाग रंगवा आणि न लावता दुसरा. आठवड्यानंतर दोन्हींवर ब्लेडने बारीक चौकडी पाडून चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. कुठला रंग पट्टीसोबत येतो ते डोळ्यांनी बघा. ते तुकडे बॅगेत ठेवा, ग्राहकाने "दुसरा तर हजार रुपये कमी सांगतो" म्हटलं की बाहेर काढायला उपयोगी पडतात.

गाडी परत देताना कागदावर लिहून द्या : पहिला आठवडा प्रेशर वॉश नको, पक्ष्याची विष्ठा पडली तर लगेच साध्या पाण्याने धुवायची, महिनाभर वॅक्स लावायचं नाही. खाली कामाची तारीख, वापरलेला रंगकोड आणि तुमचा नंबर. कोड लिहायला विसरू नका, त्याच गाडीचा मागचा बंपर कधीतरी येतोच.